चरबी आणि स्नायू वेगळे दाखवणारा वजनकाटा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वयाच्या ६१व्या वर्षी मी ताकदीचा व्यायाम सुरू केला, तेव्हा घरातल्या साध्या वजनकाट्याने दोन महिन्यांतच माझी उमेद खचवली होती. आठवड्यातून तीन दिवस वजने उचलत होते, प्रथिनांचा हिशेब ठेवत होते आणि तरीही काट्यावरचा आकडा जवळजवळ तोच होता. म्हणून चरबी आणि स्नायू यांचे प्रमाण वेगवेगळे दाखवणारा, पाय ठेवण्याच्या जागी धातूच्या पट्ट्या असलेला घरगुती काटा घेतला. उतारवयात चरबी उतरवून स्नायू कमावू पाहणाऱ्याला तो खरोखर उपयोगी पडतो, मात्र त्याच्या एकेका आकड्यावर विसंबून चालत नाही. अनेक आठवड्यांत आकडे कोणत्या दिशेने सरकतात, एवढेच त्याला विचारावे, असे माझे मत झाले आहे.

हा काटा चरबी थेट मोजत नाही, हे घेण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे. तो एका पायातून दुसऱ्या पायात जाणवणारही नाही इतका क्षीण विद्युतप्रवाह सोडतो आणि त्या प्रवाहाला शरीरात किती अडथळा होतो ते मोजतो. स्नायूंचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणी असल्यामुळे त्यांतून प्रवाह सहज जातो, तर चरबीत पाणी थोडे असल्यामुळे तिथे तो अडतो. या अडथळ्याला उंची, वजन, वय आणि लिंग यांची जोड देऊन यंत्रातले सूत्र चरबीचा अंदाज बांधते. पायांच्या पट्ट्यांवरच चालणाऱ्या काट्यात प्रवाहाचा मार्ग मुख्यतः कमरेखालून जातो, म्हणून हात, खांदे आणि पोट यांच्याबद्दल तो जे सांगतो ते बरेचसे गणिताने काढलेले असते. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाभोवती साठू लागते, त्यामुळे माझ्यासारख्या स्त्रीसाठी ही उणीव किरकोळ नाही. ती भरून काढण्यासाठी मी दर पंधरा दिवसांनी मोजपट्टीने कमरेचा घेर मोजते.

शरीरातले पाणी बदलले की आकडाही बदलतो. एकदा मुद्दाम एकाच दिवशी दोनदा मोजून पाहिले, तर सकाळी चरबी ३६.८ टक्के आणि संध्याकाळी ३४.९ टक्के दिसली. एका दिवसात एवढी चरबी उतरणे शक्य नाही. व्यायाम किंवा गरम पाण्याची अंघोळ झाल्या झाल्याही वाचन फसवे येते. आता मी रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्यापूर्वीच मोजते आणि तुलना फक्त आठवड्याच्या सरासरीची करते.

मला सर्वांत खटकलेली गोष्ट वयाशी संबंधित आहे. नोंदीत माझे वय दहा वर्षांनी कमी केले आणि लगेच पुन्हा काट्यावर उभी राहिले, तर चरबीचे प्रमाण कमी दिसले. शरीर तेच होते. वयानुसार स्नायू घटलेच असणार, असे सूत्र आधीच गृहीत धरत असेल, तर नेमाने व्यायाम करणाऱ्या वयस्क माणसाच्या मेहनतीचे माप तिथे पुरते पडत नाही. माहितीपुस्तिकेत याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, आणि तो असायला हवा होता. ‘शरीराचे वय’ नावाचा जो आकडा हा काटा दाखवतो, त्याकडे मी लक्ष देत नाही.

तरीही काटा मी ठेवला, कारण त्याने मला व्यायाम सोडू दिला नाही. आठ महिन्यांत वजन ६८.४ किलोवरून ६६.९ किलोवर आले, म्हणजे उतरले अवघे दीड किलो. पण साप्ताहिक सरासरीनुसार चरबी ३८.२ टक्क्यांवरून ३५.१ टक्क्यांवर आली. हिशेब केला तर चरबी अडीच किलोहून थोडी जास्त घटली आणि उरलेले शरीर सुमारे एक किलोने वाढले. कमरेचा घेरही सहा सेंटिमीटरने कमी झाल्यामुळे या कलावर माझा विश्वास बसला. केवळ आहार तोडून वजन उतरवले असते, तर चरबीसोबत स्नायूही गेले असते, आणि या वयात गेलेले स्नायू परत मिळवणे सोपे नसते.

स्नायूंची ताकद मात्र हा काटा सांगू शकत नाही आणि वयानुसार ताकद ही स्नायूंच्या वजनापेक्षा वेगाने घटते. युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्नायूक्षयाच्या निकषांत हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे ताकद कमी असल्याचे लक्षण मानले आहे. सुरुवातीला मला १६ सेकंद लागत होते, आता ११ लागतात. हा आकडा मी काट्याच्या नोंदींशेजारी वहीत लिहून ठेवते.

मोबाइलशी जोडणी ठीक चालते. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर विद्युतप्रवाह सोडणारा असा काटा वापरू नये. घरात तशी व्यक्ती असल्यास केवळ वजन दाखवणारी सोय त्यात आहे का, हे आधी पाहून घ्यावे.