घराचा रंग: स्वतः मारायचा की पेंटिंग सर्व्हिसला द्यायचा? दोन्ही करून बघितलंय, त्याचा रिव्ह्यू

घरातला रंग यावेळी आम्ही वाटून केला. दोन्ही बेडरूम मी आणि नवऱ्याने मिळून रंगवल्या आणि हॉल, किचन, जिना हे एका पेंटिंग सर्व्हिसला दिलं, म्हणजे माणसं त्यांची, माल त्यांचा, झाकाझाकी आणि साफसफाईपण त्यांचीच असं पॅकेज असतं ना तसलं. त्यामुळे दोन्ही कामं रोज शेजारी शेजारी दिसतात आणि आता बरेच महिने वापरून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण चांगलंही लिहिणार आहे आणि एक तक्रारपण आहे, आणि काम कसं बघून घ्यायचं हे कळलं की कोणतीही कंपनी असली तरी उपयोग होतो.

माझं मत आधीच सांगते. हा निर्णय भिंत बघून घ्यावा, बजेट नंतर. भिंत धड असेल तर स्वतः करा, बिनधास्त करा. ओल असेल, पोपडे आले असतील, सगळीकडे नव्याने पुट्टी (भिंत सपाट करायला रंगाआधी ओढतात तो लेप) ओढायची असेल तर माणसं बोलवा. रोलर फिरवणं कुणालाही जमतं हो, पण पुट्टी ओढणं आणि ती घासून सपाट करणं हे हाताला वळण लागलेल्या माणसाचं काम आहे आणि रंग किती वर्षं टिकणार, कसा दिसणार हे जवळपास सगळं त्याच्यावरच ठरतं.

आता भिंत धड आहे का हे कसं बघायचं, तर त्याला काही मोठं मशीन लागत नाही. तळहात भिंतीवर घासा, पांढरी पूड हाताला लागली तर वरचा जुना थर भुसभुशीत झालाय, त्याच्यावर नवीन रंग चिकटणार नाही, तो आधी खरवडून धुऊन काढावा लागतो. मग चिकटपट्टी नीट दाबून लावा आणि झटकन ओढा, तिच्यासोबत रंगाचा पापुद्रा आला तर समजा आत पकड सुटलीय. बोटाच्या पेरांनी ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येतो तिथे प्लास्टरच सुटलेलं असतं. आणि ओलीचा संशय असेल तर प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. तसं असेल तर रंगाचा विषयच बंद करा, आधी पाइप, गच्ची, बाहेरची भेग जे काही असेल ते बघा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच पुढचं. ओलीवर कितीही महागातला रंग मारला तरी तो फुगून येतोच, यात पेंटरचापण दोष नसतो.

आमच्या बेडरूमच्या भिंती या सगळ्यात पास झाल्या, खिळ्यांची भोकं आणि एकदोन केसासारख्या भेगा सोडल्या तर काहीच नव्हतं, म्हणून त्या आम्ही घेतल्या. हॉलमध्ये एका भिंतीला जुन्या गळतीचा पिवळा डाग, किचनला वर्षानुवर्षांचा तेलकट थर आणि जिन्याला उंची, म्हणून ते दिलं.

स्वतः करायचं तर आधी हिशोब करा, डोळ्याने अंदाज घेऊ नका. 12 बाय 10 फुटांची खोली, 10 फूट उंची धरली तर चारही भिंती मिळून 440 चौरस फूट होतात, दार खिडकी वजा केली की 400 च्या आसपास. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण 110 ते 130 चौरस फूट जातं, म्हणजे दोन हातांना साडेसहा-सात लिटर, छताचे दोनेक लिटर वेगळे. गडद रंगावर हलका चढवायचा असेल तर तिसरा हात लागू शकतो तेवढं धरून चला. आणि एकाच शेडचे दोन-तीन डबे आणले तर बॅच नंबर जुळतो का बघा आणि सरळ सगळे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळून घ्या, मशीनवर मिक्स केलेल्या शेडमध्ये डब्या-डब्यात थोडासा फरक येऊ शकतो आणि तो भिंतीच्या बरोबर मध्यावर दिसतो.

शेड कार्डवरून रंग फायनल करू नका हे मी प्रत्येकाला सांगते. छोटा डबा आणायचा, मोठ्या कार्डबोर्डवर दोन हात मारायचे आणि तो कार्डबोर्ड वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, संध्याकाळी आणि रात्री लाइट लावून बघायचा. आम्ही निवडलेला राखाडी रात्रीच्या पिवळ्या लाइटमध्ये चक्क हिरवट दिसत होता, तो कार्डबोर्डवरच कळला म्हणून बदलला. आणि फिनिशचं म्हणाल तर जितकी चमक जास्त तितके भिंतीचे खड्डे-उंचवटे जास्त दिसतात, मॅट बरंच झाकून घेतो, पण हातांचे डाग पुसायला मॅट तितका सोपा नसतो. पहिल्यांदा करणाऱ्याने मॅटच घ्यावा असं माझं म्हणणं आहे.

प्रत्यक्ष रंग मारताना एकच गोष्ट सांभाळायची, ओली कड. म्हणजे आधी ब्रशने कोपरे, छताची कड, स्विचबोर्डच्या बाजू असं सगळं काढून घ्यायचं, पण चारही भिंतींचं एकदम नाही, एका भिंतीचं काढलं की ते वाळायच्या आत लगेच रोलर, आणि रोलरचा प्रत्येक पट्टा आधीच्या ओल्या पट्ट्यावर थोडा चढवत न्यायचा. मधेच फोन आला म्हणून अर्धी भिंत सोडली की तिथे जोड दिसतो आणि दुसऱ्या हातानेही तो नीट जात नाही. म्हणून दोघं असलेलं बरं, एक ब्रशवर, एक रोलरवर. रोलर साध्या भिंतीला 9 ते 12 मिलिमीटर केसांचा पुरतो, आणि रोलर चांगलाच घ्या, स्वस्तातल्याचे केस गळून रंगात चिकटतात आणि ते वेचत बसण्यात वेळ जातो. डब्यावर पाणी किती घालायचं लिहिलेलं असतं तेवढंच घाला, दोन हातांमध्ये किती तास थांबायचं तेही लिहिलेलं असतं तेवढं थांबा. मास्किंग टेप रंग थोडा ओला असतानाच तिरका ओढून काढायचा, पूर्ण वाळल्यावर काढला तर कडेचा रंग सोबत येतो.

खोल्या छान झाल्यात. आलेल्या माणसांना सांगितल्याशिवाय कळत नाही कुठली खोली कुणी केली. पण वेळ लागतो हे लक्षात ठेवा, रंगापेक्षा सामान हलवणं, झाकणं, भोकं भरणं, घासणं यात जास्त, आणि छत रंगवताना मान आणि खांदे भरून येतात. ज्यांना पाठीचा, मानेचा, गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी छत तरी बाहेर द्यावं, मनापासून सांगते.

आता सर्व्हिसबद्दल. पहिल्या भेटीला जो माणूस आला त्याने लेझरने मापं घेतली आणि भिंतीला मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावून बघितलं, हॉलची डागवाली भिंत कोरडी आहे, गळती जुनी आहे, आता नाही, हे त्याने आधी तपासलं आणि मग बोलला, हे मला आवडलं. तो म्हणाला हा डाग नुसत्या इमल्शनखाली राहणार नाही, पाण्याचा डाग कितीही हात मारले तरी वर उमटतो, याला डाग रोखणारा वेगळा प्रायमर (रंगाच्या खाली मारायचा अस्तराचा थर) लागेल. तसंच केलं आणि आजपर्यंत तिथे काही दिसत नाहीये.

खरे पैसे मला कुठे वसूल झाले तर पुट्टीच्या दिवशी. त्यांचे वयस्कर कारागीर होते एक, फारसे बोलायचे नाहीत. खोलीतले सगळे लाइट बंद करून त्यांनी एक बल्ब हातात धरला, भिंतीला अगदी चिकटवून, आणि वरून खाली सावकाश नेत गेले. समोरून सपाट दिसणारी भिंत त्या आडव्या उजेडात नुसती खड्डे आणि लाटा, मी बघतच राहिले. जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने गोल. मग तेवढ्याच जागी पातळ पुट्टी, पुट्टी ओढायची पत्ती जवळजवळ आडवी धरून एका ओढीत, वाळली की घासायची, परत बल्ब, परत गोल. जाड थर एकदम कधीच दिला नाही, म्हणाले ताई जाड भरला की वाळताना तडकतो. घासायला त्यांच्याकडे व्हॅक्यूम जोडलेलं मशीन होतं त्यामुळे धूळ बरीच कमी झाली, शेवटचं फिनिशिंग मात्र हाताने, पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. हे मला सात जन्मात जमलं नसतं आणि याच कामासाठी माणसं बोलवावीत, रोलरसाठी नाही.

तक्रार आता. पुट्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळी मुलं आली आणि त्यांनी पुट्टीच्या ठिकाणी प्रायमर न मारता सरळ रंगाचा पहिला हात मारला. पुट्टी रंगातलं पाणी जास्त शोषते त्यामुळे तिथे तिथे निस्तेज ठिपके दिसायला लागले, बाजूने बघितलं की अख्खी भिंत डागाळलेली. सुपरवायझर म्हणाला दुसऱ्या हातात जाईल मॅडम. मी नाही म्हटलं, कोटेशन काढून दाखवलं, त्यात प्रायमर लिहिलेला होता आणि त्याचे पैसे लावलेले होते. मग त्यांनी वाद न घालता सगळ्या ठिपक्यांवर प्रायमर मारला, वाळू दिला आणि दोन हात नव्याने दिले, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. दुरुस्त केलं म्हणून मार्क देते, पण मी घरी नसते तर ते तसंच झाकलं गेलं असतं हेही तितकंच खरं. म्हणून सर्व्हिस घेतली तरी प्रायमरच्या दिवशी घरातलं कुणीतरी थांबाच. रंग मिसळतानाही बघा, पाणी जास्त ओतलं की काम भराभर होतं पण रंग झाकत नाही आणि पुसायला गेलं की लवकर निघतो.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या: रंगाचं कंपनीचं आणि प्रॉडक्टचं पूर्ण नाव (नुसतं प्रीमियम इमल्शन वगैरे नको), पुट्टी किती हात, प्रायमर कुठे कुठे, रंगाचे किती हात, आणि मापात दार-खिडक्या वजा केल्यात का. दर चौरस फुटावर असतो पण तो भिंतीच्या चौरस फुटावर, जमिनीच्या नाही, वर सांगितलेल्या खोलीची जमीन 120 चौरस फूट पण रंगवायची जागा छत धरून सव्वापाचशेच्या आसपास जाते, हे माहीत नसलं की आकडा ऐकून धक्का बसतो. सीलबंद डबे आपल्यासमोर उघडायला सांगा, चांगली माणसं याला नाराज होत नाहीत. सगळे पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता दिवसाच्या उजेडात आणि रात्री लाइट लावून असं दोनदा बघून झाल्यावरच द्या.

किचनचं काम एक नंबर. तेलकट भिंत आधी डिटर्जंटने घासून धुतली, साध्या पाण्याने पुसली, वाळू दिली आणि मगच पुढे गेले. जिन्याबद्दल तर विचारच करू नका, पायऱ्यांवर शिडी टेकवून वरपर्यंत पोचणं हे घरच्यांचं काम नाही, त्यांनी नीट परांची बांधून केलं. टेकवायची शिडी सपाट जमिनीवरसुद्धा दर 4 फूट उंचीला 1 फूट पाय बाहेर अशी लागते, जिन्यात तेवढी जागाच नसते.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. घर खूप जुनं असेल आणि आतले थर कधीचे आहेत हे माहीत नसेल तर स्वतः कोरडं घासायला बसू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर 1978 मध्ये बंदी आली, बाकी ठिकाणी त्याच्यानंतरही बराच काळ ते चालू होतं. शिशाचं सुरक्षित म्हणता येईल असं प्रमाणच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ती धूळ लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. अशा घरात आधी टेस्ट करून घ्या, शिसं निघालं तर त्यातलं प्रशिक्षण असलेली माणसंच लावा. नवीन रंगाचंही खिडक्या उघड्या ठेवून करा, कमी व्हीओसीवाला (म्हणजे ज्यातून हवेत उडणारी रसायनं कमी निघतात तो) घ्या, आणि घरात गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट असेल तर त्या दिवसांत त्यांची सोय दुसरीकडे करा.

मार्क द्यायचे तर सर्व्हिसला पाचपैकी चार, एक प्रायमरसाठी कापला. पुढच्या वेळी बेडरूम परत आम्हीच करू आणि हॉलला तेच बल्बवाले काका मिळतील का हे आधी विचारून मग बुकिंग करू. उरलेला रंग त्यांना नेऊ दिला नाहीये मी, छोट्या डब्यात गच्च भरून वर खोलीचं नाव, शेडचा कोड आणि तारीख लिहून ठेवलाय, सोफा घासून हॉलच्या भिंतीला चरा पडला होता तिथे परवाच छोट्या रोलरने लावला, मॅट असल्यामुळे छान मिसळला.