मार्चमधली तीर्थन: निंफ की ड्राय फ्लाय?

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट मासळी धरायला बंदी असते. तो तिच्या विणीचा काळ. मार्च लागला की तिथल्या तीर्थन नदीवर गळ टाकता येतो, पण पाणी अजून बर्फासारखं असतं. गारठलेली ब्राउन ट्राउट डोहाच्या तळाशी बसून राहते, खाण्यामागे धावत नाही. म्हणून माझं मत निंफला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या, अळीसारख्या नकली आमिषालाच. टंगस्टनचा जड मणी लावलेला, १४ किंवा १६ नंबरच्या गळाचा निंफ तळालगत, प्रवाहाच्याच वेगानं वाहू द्यावा. दोरी जराशी अडखळली की लगेच हलका हिसका.

ड्राय फ्लाय म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी. तिच्यात मासा वर येताना डोळ्यांना दिसतो, ते सुख निंफमध्ये नाही! पण ऊन चढून पाण्यावर किडे निघाले तरच ती चालते. दुपारी संथ पाण्यात तासभर जरूर टाकून बघा. परवाना मात्र दोन्हींना लागतो.