गाविलगडावर ‘तंबूत मुक्काम’ बुक करत असाल तर आधी हे वाचा

माझे बाबा नागपूरच्या महाल भागातले. नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी घेतला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला, हे त्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही मोठे झालो. पण गड त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यामुळे फेसबुकवर ‘गडाच्या आत मुक्काम, वनखात्याच्या परवान्यासह’ ही जाहिरात आणि तळ्याकाठच्या तीन निळ्या तंबूंचा फोटो दिसताच मी फोन लावला.

माणूस जाणकार वाटला. बहामनी काळ, दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, तोफा, सगळं त्याला पाठ होतं. तिथंच माझा विश्वास बसला. चौघांचे 6,000 आगाऊ घेतले. मग परवान्याचे 2,000. निघायच्या आदल्या रात्री ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून आणखी 3,500. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, ‘आमच्या अकाउंटंट ताई आहेत, काका.’ तेव्हाच हात आखडायला हवा होता. पण व्हॉट्सअ‍ॅपवर गोल शिक्क्याचा परवाना आला आणि मी गप्प बसलो.

अमरावती, परतवाडा करत दुपारी चारला चिखलदऱ्याला पोचलो. गेटवरच्या वनरक्षकानं परवाना पाहिला आणि मान हलवली. ‘भाऊ, हा आमचा नाही. दिवस मावळला का गडात कोणालेच राहू देत नाही.’

गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. वाघ, बिबट्या, अस्वलांचा हा मुलूख. दिवसा गेटवर तिकीट काढून गड पाहता येतो, त्यासाठी कुणा एजंटची गरजच नाही. सफारीचं बुकिंगही वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं. मी हे आधी तपासलंच नाही.

त्या माणसाचा फोन बंद. उजेड होता तेवढा वेळ बाबांना आत नेलं. पडक्या तटाला हात लावून ते बराच वेळ उभे होते. पैशांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आदल्या रात्रीचे 3,500 समोरच्या खात्यात गोठवले गेले. बाकीचे कधीच काढून घेतले होते. उशीर झाला असता तर तेही गेले असते.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव बदललंय, नंबर बदललाय. तळ्याकाठचे तीन निळे तंबू मात्र तेच आहेत.