पीजी_प्रॉक आठ महिने वापरल्यावर: त्या शून्याचा राग अजून गेलेला नाही

पीजी_प्रॉक म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या पोटातलं टेबल, त्यात प्रत्येक फंक्शनची (नाव देऊन साठवलेल्या कोडच्या तुकड्याची) माहिती असते. शनिवारी दुपारी चारला हप्त्याचा रिपोर्ट उघडेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर मी एकटा सांभाळतो. पीसवर मजुरी आणि शनिवारी हप्ता. मजुरी काढणारं फंक्शन तीन पॅरामीटर घ्यायचं: कामगार क्रमांक, तारीख, दर. माझ्या हाताखालच्या पोरानं त्यात चौथा घातला, सेकंड्सच्या (खोट निघालेल्या) मालाची कपात, डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायची किंमत) शून्य. (पोरगा पुढच्याच महिन्यात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेला तो गेलाच.) 'क्रिएट ऑर रिप्लेस' लिहिलं म्हणजे जुनं गेलं, नवं आलं, असा त्याचा समज. पण पोस्टग्रेस फंक्शन ओळखतं ते नाव आणि इनपुट पॅरामीटरचे टाइप (आकडा, तारीख वगैरे) मिळून. म्हणजे तीनवालं जागेवर, चारवालं त्याच्या शेजारी. तीन पॅरामीटर देऊन हाक मारली की दोघंही 'ओ' देणार. एरर आली: फंक्शन इज नॉट युनिक.

"काय ओ इंजिनिअर, पोरं दारात थांबलीत, हप्ता कधी व्हायलंय?" अकाउंटवाले अण्णा दर पाच मिनिटांनी. जुनं फंक्शन ड्रॉप केलं, दहा मिनिटांत गाडी रुळावर. पण एकाच नावाची अजून किती जोडपी नांदतायत, हे मलाच सांगता येईना. तीनशेच्या वर फंक्शनं, आणि कुणाला काय द्यायचं हे अर्धं माझ्या डोक्यात, अर्धं पुण्याला.

डॉक्युमेंटेशनचं एक विकतचं टूल बघितलं. वर्षाची फी डॉलरमध्ये. मालकांनी आकडा बघितला आणि विचारलं, "एवढ्यात सुताच्या किती गोणी येतात माहितीय का?" मला राग आला नाही. मी स्वतः नवी पेठेत दहा रुपयांसाठी तीन दुकानं फिरणारा. शिवाय सगळी माहिती डेटाबेसच्या पोटातच असताना ती वाचायला बाहेरच्याला पैसे का द्या?

पहिले दोन महिने इन्फर्मेशन स्कीमातला (डेटाबेस स्वतःची माहिती जिथं मांडतो तिथला) 'पॅरामीटर्स' व्ह्यू वापरला. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. एका पॅरामीटरची एक ओळ. क्रम, इन की आउट (आत घेतो की बाहेर देतो), नाव, टाइप, डिफॉल्ट सगळं रांगेत मांडलेलं. मग शहाणपणा करून डॉक्युमेंटेशनसाठी वेगळा, फक्त वाचणारा युजर काढला आणि डिफॉल्टचा कॉलम सगळा कोरा. दीड दिवस क्वेरी उलटीपालटी केली. कारण मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच होतं: फंक्शनची मालकी तुमच्या रोलकडे (म्हणजे युजरकडे) नसेल तर डिफॉल्ट दाखवत नाही. ज्या कपातीच्या डिफॉल्टमुळे शनिवार गेला, नेमकं तेच झाकलेलं.

दुसरी खोड अशी की एका नावाची दोन फंक्शनं वेगळी ओळखायला तिथं नावाला ओआयडीचं (डेटाबेसनं आतल्या आत दिलेल्या क्रमांकाचं) शेपूट लावलेलं असतं. दिवाळीत नवीन सर्व्हरवर डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) रिस्टोअर केला, सगळी शेपटं बदलली, आणि जुन्या-नव्याची तुलना करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टनं सांगितलं की कारखान्यात एकही जुनं फंक्शन उरलेलं नाही.

म्हणून थेट पीजी_प्रॉक. आता तो शून्य.

इनपुटचे टाइप 'प्रोआर्गटाइप्स'मध्ये असतात. आउट किंवा टेबल पॅरामीटर असेल तर सगळ्यांचे टाइप 'प्रोऑलआर्गटाइप्स'मध्ये, नाहीतर तो नल (रिकामा). नावं 'प्रोआर्गनेम्स'मध्ये. मी कुणीही करेल ते केलं: दुसरा नल असेल तर पहिला घे, आणि एकपासून मोजत नाव आणि टाइप जोडत जा. तीनशे फंक्शनांचे कागद छापले, फाईल केली, अण्णांच्या टेबलावर ठेवली.

आठवड्यानं सहज मजुरीचं पान उघडलं. कामगार क्रमांक: डेट. तारीख: न्यूमेरिक. आणि शेवटच्या कपातीपुढे काहीच नाही.

'प्रोआर्गटाइप्स'ची मोजणी शून्यापासून सुरू होते. बाकीच्यांची एकापासून. एकाच टेबलात, एकाच ओळीत, शेजारशेजारच्या कॉलममध्ये! टाइप कास्ट करून साधा ॲरे (यादी) केला तरी तो शून्य चिकटलेलाच राहतो. त्यामुळे आउट पॅरामीटर असलेली फंक्शनं बरोबर छापली, आणि नुसती इनवाली एक घर सरकून चुकीची. सगळंच चुकलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं. त्यात ज्यांचे सगळे पॅरामीटर इंटिजर, त्यांच्यात फक्त शेवटचं खोकं रिकामं, बाकी पान बघायला एकदम शहाणं.

मॅन्युअलमध्ये याचा खुलासा एका वाक्यात आहे: ऐतिहासिक कारणांमुळे. बर्कलीत १९८६ साली काम सुरू झालं, १९९६ ला पोस्टग्रेसक्यूएल नाव लागलं, तेवढ्या काळात कुणाचा कसला कोड यावर उभा राहिला असेल, ते समजू शकतो. समजतो, तरी राग जात नाही. आमच्या पॅकिंगला डझन मोजताना 'शून्य, एक, दोन' म्हणणारा माणूस एक पाळी टिकणार नाही.

उपाय सोपा निघाला. आकड्यानं आत हात घालायचाच नाही. 'अननेस्ट'ला (ॲरे उलगडून ओळी करणाऱ्या फंक्शनला) दोन्ही ॲरे एकत्र द्यायचे आणि 'विथ ऑर्डिनॅलिटी' लावायचं; व्हर्जन ९.४ पासून आहे. क्रमांक तो स्वतः एकपासून देतो, आत शून्य असो की शंभर. फक्त डिफॉल्ट सांभाळा. ते शेवटच्या इनपुट पॅरामीटरांचेच साठवलेले असतात, आणि मजकूर काढून स्वल्पविरामावर तोडलेत तर ज्या डिफॉल्टमध्येच स्वल्पविराम आहे तिथं फसाल.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि खाली पाचपैकी अडीच टाकले होते. मग पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांड लाइन टूल) मोठ्या 'ई'च्या स्विचनं चालवून बघितलं. फंक्शनांची यादी मागितली की त्यामागे तो कोणती क्वेरी चालवतो, ते पडद्यावर येतं. तिथं 'पीजी_गेट_फंक्शन_आर्ग्युमेंट्स' दिसलं. ओआयडी द्या, नाव-टाइप-डिफॉल्टसकट पूर्ण ओळ तयार. ८.४ पासून आहे म्हणे! डोक्याला हात लावला. एकेका पॅरामीटरचा तक्ता हवा असेल तर अननेस्ट लागतंच, पण माझं निम्मं काम त्या एका ओळीत होत होतं. म्हणून अडीच खोडून साडेतीन.

एक राग मात्र मागे घेतो. दराचा टाइप आम्ही दोन दशांश स्थळांचा लिहिला होता आणि कॅटलॉग (पीजी_प्रॉकसारखी आतली टेबलं) नुसता न्यूमेरिक दाखवत होता. मला वाटलं, इथंही खोट. तसं नाही. कंसातली लांबी किंवा दशांश फंक्शन बनवतानाच टाकून दिले जातात. म्हणजे कॅटलॉग खरं बोलत होता आणि आमचा कोड इतकी वर्षं चार-चार दशांशांचे दर बिनबोभाट घेत होता.

प्रत्येक पॅरामीटरला वेगळी कॉमेंट लावायची सोय नाही, ही खरी उणीव. फंक्शनच्या कॉमेंटमध्येच सगळं कोंबतो. आणि इनपुट पॅरामीटरचं नुसतं नाव बदलायचं म्हटलं तरी रिप्लेस नकार देतं. ड्रॉप करावं लागतं, आणि ड्रॉपबरोबर कॉमेंट आणि ग्रँट (वापरायची परवानगी) दोन्ही जातात. माझ्या अकरा कॉमेंटा अशाच गेल्या. आता ड्रॉपच्या आधी 'ऑब्ज_डिस्क्रिप्शन'नं कॉमेंट काढून फाईलमध्ये ठेवतो. व्हर्जन ११ वर किंवा त्याच्या पुढं असाल तर 'प्रोकाइंड' कॉलमनं प्रोसीजर आणि ॲग्रिगेट वेगळे काढा, पसारा कमी होतो.

सध्या शुक्रवारी संध्याकाळी स्क्रिप्ट चालते. डॉक्युमेंटेशन नंतर, आधी एका स्कीमात एका नावाची दोन फंक्शनं असतील तर तेवढी यादी. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात यादीत एक नाव आलं. नव्या पोराला फोन लावला, "काय करायलास बे तू?" तो होम मैदानावर पाळण्यात होता. शनिवारचा हप्ता मात्र चारच्या आत झाला.

चुकीचे छापलेले तीनशे कागद फेकले नाहीत, पाठीमागची बाजू कोरी होती. अण्णा त्यावर सेकंड्सचा कच्चा हिशेब लिहितात. परवा शेंगाचटणीची पुडी त्यातच बांधून दिली. उलगडली तर आत 'कामगार क्रमांक: डेट'.