व्हेंटिलेटरवरचा सीओपीडी रुग्ण: सालब्युटामॉल पंपातून की नेब्युलायझरने?
सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, आणि सालब्युटामॉल हे श्वासमार्ग मोकळे करणारं औषध. पंपाचे (इनहेलरचे) चार पफ म्हणजे 400 मायक्रोग्रॅम. नेब्युलायझरच्या (द्रव औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्राच्या) एका डोसात 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे सहापट औषध. तरी श्वासमार्ग मोकळे होण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून माझा कल पंपाकडे, पण तो नीट दिला तरच. डबा हलवायचा, श्वास आत नेणाऱ्या नळीत स्पेसर (फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) बसवायचा आणि व्हेंटिलेटरचा श्वास सुरू होताच पफ दाबायचा. क्षण चुकला की बरंचसं औषध वाया जातं. जेट नेब्युलायझरला (वायूच्या झोतावर चालणाऱ्या) ही वेळ साधावी लागत नाही. मात्र त्याच्या जादा वायुप्रवाहामुळे थकलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटरचा श्वास सुरू करून घेणं जड जातं. शिवाय नेब्युलायझरचा औषधाचा कप अस्वच्छ राहिला तर जंतू थेट फुप्फुसात. एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओलावा राखणारी गाळणी) वाटेत असेल तर दोन्ही वेळी आधी काढायचा, नंतर आठवणीने परत लावायचा.