वुर्स्टफेस्ट, न्यू ब्राऊनफेल्स: मुलांना जरूर न्यावे, पण दिवसाउजेडी

टेक्सासमध्ये ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो यांच्या दरम्यान असलेल्या न्यू ब्राऊनफेल्स या गावात नोव्हेंबरच्या सुरुवातीला दहा दिवस वुर्स्टफेस्ट हा जर्मन वारशाचा उत्सव भरतो. नावातच ‘वुर्स्ट’, म्हणजे सॉसेज, आणि जाहिरातीत बिअरचे मग, त्यामुळे तिथे मुलांना नेऊन करायचे काय, ही शंका मराठी आईवडिलांच्या मनात येणे साहजिक आहे. सहा आणि दहा वर्षांच्या आमच्या मुलांसह जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की, उत्सव मुलांना घेऊन जाण्याजोगा नक्कीच आहे. मात्र शनिवारी किंवा रविवारी दरवाजे उघडताच पोहोचावे आणि दिवेलागणीला बाहेर पडावे. शिवाय मुलांना केवळ जत्रा नव्हे, तर वारसाही दाखवायचा असेल, तर थोडा वेळ कुंपणाबाहेरच्या गावासाठी राखून ठेवावा.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. पाळणे आणि चक्री यांचे पैसे वेगळे पडतात आणि खिसा रिकामा होतो तो तिथेच. हे पाळणे कोणत्याही अमेरिकन जत्रेत असतात तसेच आहेत, त्यामुळे मुलांना आधी वाद्यवृंदाकडे न्यावे आणि पाळण्यांचे आमिष नंतरसाठी ठेवावे, असे मी सुचवेन.

संगीत ही या उत्सवाची खरी जमेची बाजू आहे. दिवसभर निरनिराळ्या मंचांवर पोल्का आणि वॉल्ट्झ या युरोपीय नाचांच्या सुरावटी वाजत असतात, आणि दुपारच्या वेळी गर्दी बेताची असल्याने मुलांना वादकांच्या अगदी समोर उभे राहता येते. आमच्या धाकट्याने अकॉर्डियन पाहून ‘आजोबांची पेटी गळ्यात का अडकवली आहे?’ असे विचारले, आणि त्याचा प्रश्न रास्तच होता, कारण भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या थरथरून स्वर उमटण्याचे तत्त्व दोन्ही वाद्यांत एकच आहे आणि आपली पेटीदेखील मूळची युरोपातलीच. टेक्सासमध्ये तर जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांचे हे वाद्य मेक्सिकन वंशाच्या वादकांनी उचलले आणि त्यातून कोन्हुन्तो हा स्वतंत्र संगीतप्रकार घडला. हाताची चोच करून, कोपरांचे पंख फडफडवून करायचा कोंबडीचा नाच सुरू झाला की पाच वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजींपर्यंत सगळे एका रांगेत येतात. त्यासाठी पावले आधी यावी लागत नाहीत, हे लाजऱ्या मुलांच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. उत्सवाच्या यजमानांना ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणतात. त्यांच्या टोप्या बिल्ल्यांनी इतक्या मढलेल्या असतात की मूळ कापड शोधावे लागते, आणि मुलांनी विचारले तर एकेका बिल्ल्याची हकीकत ते हौसेने सांगतात.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी कुटुंबाने अपेक्षा माफक ठेवाव्यात. सॉसेजमध्ये बहुधा डुकराचे किंवा गाईचे मांस असते आणि उत्सवाचा सारा थाट त्याभोवतीच आहे. किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या गरासोबत मिळतात आणि मुलांना ते हमखास आवडतात, पण पिठात सहसा अंडे असते, तेव्हा ते चालत नसल्यास विचारूनच घ्यावे. एरवी प्रेट्झेल, श्ट्रुडेल आणि भाजलेले कणीस यांवर दुपार निभावते. ही खाद्यपेठ जिथे भरते ती मार्क्टप्लाट्झची इमारत 2019 च्या उत्सवानंतर काही दिवसांतच आगीत जळाली. 2020 चा उत्सव महामारीमुळे झाला नाही आणि 2021 मध्ये नवी, प्रशस्त इमारत वापरात आली. बाबागाडी घेऊन फिरणाऱ्यांना हा मोकळेपणा जाणवतो.

आता वारशाविषयी. 1961 मध्ये गावातील मांस-निरीक्षक एड ग्रिस्ट यांच्या कल्पनेतून सुरू झालेला हा उत्सव मुळातच सॉसेजचा होता, हे लक्षात ठेवले की अपेक्षाभंग होत नाही. चामड्याच्या विजारी आणि डर्न्डल झगे हा दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा वेष आहे, तर गाव वसवणारे लोक प्रामुख्याने मध्य आणि उत्तर जर्मनीतून आले होते. एवढा बारकावा तिथे कोणी मुलांना सांगत नाही. 1845 च्या मार्चमध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, प्रिन्स कार्ल ऑफ झोल्म्स-ब्राऊनफेल्स या जर्मन राजपुत्रासोबतच्या वसाहतवाल्यांनी हे गाव वसवले. त्यामागोमाग आलेली कित्येक कुटुंबे किनाऱ्यावर उतरल्यानंतर रोगराईला बळी पडली. ही कथा ऐकायची तर टेकडीवरच्या झोफीनबुर्ग संग्रहालयातच जावे लागते. प्रिन्सने वाग्दत्त वधूच्या नावाने तिथे गढी बांधायचे योजले होते, पण ती टेक्सासला आलीच नाही, आणि आमच्या थोरल्या मुलीला सबंध दिवसातली हीच गोष्ट सर्वांत अधिक आवडली. वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड लिंडहाइमर यांचे घरही गावात जपलेले आहे. त्यांनी 1852 पासून चालवलेले ‘नॉय-ब्राऊनफेल्सर त्साइटुंग’ हे वृत्तपत्र 1957 पर्यंत जर्मन भाषेत निघत होते. शंभराहून अधिक वर्षे परमुलखात मायबोलीचे छापील पत्र टिकवणे ही काय चीज आहे, हे परदेशात मराठी दिवाळी अंकासाठी धडपडलेल्या कोणालाही समजेल. टेक्सासची ती जर्मन बोली आता मोजक्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे. उत्सवात भाषेचे अस्तित्व मात्र पाट्या, गाण्यांचे ध्रुपद आणि पेला उंचावतानाचे शब्द एवढ्यापुरतेच जाणवते, आणि इतक्या जुन्या गावाच्या उत्सवासाठी मला ते तोकडे वाटले.

उत्सवाच्या मैदानाला लागूनच लांडा पार्क आहे. कोमाल नदीचे झरे, बदके आणि छोटी आगगाडी यांमुळे कंटाळलेल्या मुलांना तिथे अर्धा-एक तास सहज रमवता येते. संध्याकाळी मैदानाची कळा बदलते. तरुणांची गर्दी वाढते, बाकांवर उभे राहून गाणे सुरू होते, जमिनीवर बिअर सांडलेली असते आणि ध्वनिवर्धकांचा आवाज लहान मुलांच्या कानांना सोसवत नाही. यात गैर काही नाही, उत्सव त्यांचाही आहेच, पण कडेवरच्या मुलासह त्या गर्दीतून वाट काढणे त्रासाचे होते. तान्ह्या बाळांसाठी कान झाकणारे हेडफोन सोबत असावेत. नोव्हेंबर असला तरी तिथे दुपारी ऊन चांगलेच लागते, म्हणून टोपी आणि पाण्याची सोय आधीच करावी, आणि परतीच्या वेळेसाठी एखादा स्वेटर गाडीत असू द्यावा.