सहा महिने, एकच ट्रेनर, चार वेगवेगळे एफटीपी

परवा घरी ट्रेनरवर (सायकल बसवून जागच्या जागी पॅडल मारायचं यंत्र) २×२० लावला होता, म्हणजे वीस मिनिटांचे दोन टप्पे, थ्रेशोल्डच्या, म्हणजेच एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त ताकद, वॉटमध्ये) ९५ टक्क्यांवर, म्हणजे २२६ वॉट. पहिले वीस कसेबसे गेले, दुसऱ्या वीसच्या नवव्या मिनिटाला कॅडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ५५ वर आला आणि इर्ग मोडमध्ये, जिथे ठरलेले वॉट ट्रेनरच लादतो, एकदा कॅडन्स पडला की ट्रेनर पाय धरूनच ठेवतो. संपलं. हँडलवरचा टॉवेल पिळून निघाला होता. दोन महिन्यांत असा तिसरा वर्कआउट सुटला. त्याच रात्री ट्रेनिंगच्या ॲपच्या वार्षिक रिन्यूअलचा मेल आला, म्हणून म्हटलं पैसे कापले जायच्या आधी हे एकदा नीट लिहून टाकू.

ॲपमधला माझा एफटीपी २३८, हा आकडा रॅम्प टेस्टचा. दर मिनिटाला वॉट वाढत जातात, पाय थांबेपर्यंत मारायचं, मग सगळ्यात चांगल्या एका मिनिटाचे ७५ टक्के घेतात. माझं ते मिनिट ३१८ चं. खटकतंय ते हे ७५ टक्केच! ज्याच्या पायात शेवटच्या दोन मिनिटांचा दारूगोळा जास्त, त्याचा एफटीपी फुगतो, आणि डिझेल इंजिनासारखा तासन्‌तास एका लयीत चालवणारा असेल तर त्याचा कमी दिसतो. सगळ्यांना एकच टक्का कसा लावता? सपोर्टला तीन मेल केले, तिन्ही वेळा उत्तर एकच, पुन्हा टेस्ट द्या.

मग मी वीस मिनिटांची टेस्ट दिली, २४१ चे ९५ टक्के म्हणजे २२९. हेही जास्तच वाटलं. नंतर कळलं की पॉवरवरच्या ट्रेनिंगचं पुस्तक लिहिणाऱ्या ॲलन आणि कॉगन यांच्या मूळ पद्धतीत वीस मिनिटांच्या आधी पाच मिनिटं जीव तोडून मारायची असतात, वरवरचा दम त्यातच काढून टाकायला, आणि ९५ टक्के त्यानंतरच्या वीसलाच लागू आहेत. आम्ही सगळे ती पाच मिनिटं गाळतो. आठवड्याने ती धरून दिली, २३१ आले, म्हणजे २१९.

एक मत मात्र मला बदलावं लागलं. टेस्ट न घेता आपोआप एफटीपी सांगणारे प्रकार मी आधी थोतांड समजायचो. गार्मिनचं सायकल कॉम्प्युटर किंवा घड्याळ हार्टरेट आणि पॉवर एकत्र बघून अंदाज काढतं, त्यामुळे छातीचा पट्टा नीट बसलेला हवा. इंटरव्हल्स डॉट आयसीयू ही वेबसाइट तुमच्या राइडमधला एखादा पूर्ण ताकदीचा तुकडा उचलून पॉवर कर्व्हवरून (किती वेळ किती वॉट टिकतात याचा आलेख) ई-एफटीपी, म्हणजे अंदाजी एफटीपी, काढते. तो तुकडा किमान किती वेळाचा हवा हे सेटिंगमध्ये बदलता येतं, मी वीस मिनिटं केलं आणि आकडा आला २२१. मोफत आहे, वाटलं तर वर्गणी द्या. मी दिली, आनंदाने दिली.

ताळा म्हणून सिंहगड. पायथ्यापासून वर ४१ मिनिटं, सरासरी २२३ वॉट, वर पोचल्यावर बोलायलाही श्वास नव्हता. तास काढायचा असता तर २२० च्या आसपासच राहिलो असतो. २३८ कुठून आणू?

वाहू या ट्रेनर बनवणाऱ्या कंपनीची फुल फ्रंटल टेस्ट मला या बाबतीत पटते, पाच सेकंद, पाच मिनिटं, वीस मिनिटं आणि एक मिनिट असं वेगवेगळं मोजते, म्हणजे स्प्रिंटची ताकद थ्रेशोल्डच्या खात्यात जमा होत नाही. पण ती टेस्ट दिल्यावर दुसऱ्या दिवशी जिना चढवत नाही.

रिन्यूअल रद्द केलंय. सगळीकडे २१९ टाकलं, शनिवारी पुन्हा २×२० लावला, या वेळी २०८ वर. दोन्ही पूर्ण झाले, शेवटच्या पाच मिनिटांत कॅडन्स ८८ होता.